आजी आधी देऊळ का विचारते

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलेस, की बेळगावची आजी नवा ख्रिस्ती माणूस भेटला की नावगावाच्या पाठोपाठ ‘कुठल्या देवळात (म्हणजे चर्चमध्ये) जाता?’ असे का विचारते. आणि इथे अमेरिकेत तुझ्या कॉलेजजवळच्या मंडळीत (एकत्र उपासना करणाऱ्या चर्चमध्ये) सगळे ‘आम्ही कुठल्याच पंथाचे नाही, फक्त ख्रिस्ती’ म्हणत असताना आपण मेथॉडिस्ट पंथाचे म्हणवून घेण्यात काय अर्थ आहे. फोनवर उत्तर अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

आजीच्या प्रश्नात धर्मशास्त्र फारसे नसते. आपल्याकडे कोणते कुटुंब कोणत्या पंथाचे, हे त्या कुटुंबाने निरनिराळी मते पारखून ठरवलेले नाही. एका मिशनने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये असा जो संकेत मिशनऱ्यांनी बहुतांशी पाळला, त्यातून ते ठरत गेले. अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते, म्हणून तिकडची माणसे काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते अशा पंथाची, झाली. कोल्हापूरच्या बाजूला प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या पंथाचे काम वाढले. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटी आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने तेथील काम अमेरिकन मेथॉडिस्टांकडे सोपवले. आपले वाडवडील त्याच बाकांवर बसत राहिले आणि बसल्या जागी मेथॉडिस्ट झाले. कॅम्पातले सेंट मेरीज इंग्रजांच्या छावणीसाठी बांधलेले, म्हणून ते मुळात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे; गोव्याकडून आलेली कोकणी बोलणारी कुटुंबे कॅथलिक, आणि त्यांचा बेळगाव धर्मप्रांत (एका बिशपांच्या अधिकाराखालचा प्रदेश) १९५३ मधला. त्यामुळे देवळाचे नाव कळले, की समोरचा माणूस मूळचा कुठला, घरात मराठी बोलतो की कानडी, आपल्या कोणाचा सोयरा निघू शकेल का, एवढे सगळे आजीला एका उत्तरात कळते. ‘पंथ नाही’ हे उत्तर तिच्या कानाला ‘पत्ता नाही’ असे ऐकू येते.

अमेरिकेत माणूस घर बदलतो तशी मंडळीही बदलतो, आणि पंथ ही त्याच्या निवडीची बाब असते. ती निवडच नको, असे म्हणणारेही म्हणून इथे पुष्कळ. २०२० च्या येथील धर्मगणनेत पंथाचे नाव न लावणाऱ्या मंडळ्यांचे दोन कोटींहून अधिक लोक मोजले गेले. मात्र ही कल्पना तुझ्या मित्रमैत्रिणींना वाटते तेवढी नवी नाही. ज्या लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात पहिले काम सुरू केले, तिची स्थापना १७९५ मध्ये अनेक पंथांच्या लोकांनी मिळून केली होती, आणि दुसऱ्याच वर्षी तिने असे मूलतत्त्व ठरवले होते, की आपण कोणत्याही पंथाची व्यवस्था परदेशात न्यायची नाही, फक्त शुभवर्तमान (ख्रिस्ताचा संदेश) न्यायचे, आणि मंडळीची रचना कशी असावी हे तेथील विश्वासणाऱ्यांवर सोपवायचे. म्हणजे बेळगावची मंडळी जन्माला आली तेव्हा निदान कागदावर तरी तुझ्या मंडळीसारखीच बिनपंथाची होती. इकडे केंटकीत १८०४ मध्ये बार्टन स्टोन आणि त्याच्या सोबत्यांनी आपली प्रेस्बिटेरी (आसपासच्या मंडळ्यांवर देखरेख करणारी सभा) मोडून केवळ ‘ख्रिस्ती’ एवढेच नाव घेतले. पुढे त्या चळवळीचे तीन वेगळे समूह झाले आणि आज त्या तिघांना तीन नावांनी ओळखावे लागते.

आपल्या मराठी माणसांनीही हा विचार केलेला आहे, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो, कारण त्यामागे मिशनची सत्ता आणि मिशनचा पैसा यांचा अनुभव होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन पद्धतीने झाला, पण तिथल्या अँग्लिकनांशी त्या मतांवरून सतत वाद घालत राहिल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनला त्यांनी एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. नारायण वामन टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. एवढी मोकळीक इथल्या कोणत्या बिनपंथी मंडळीत मिळेल, हे तूच चौकशी करून मला कळव.

तुझ्या मंडळीबद्दल माझा आक्षेप एवढाच आहे, की नाव नसले तरी मत असतेच, आणि ते दारावर लिहिलेले नसल्याने उशिरा कळते. तुझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, तोही डोक्यावर पाणी घालून. तो इथे धरत नाहीत, पूर्ण बुडवून पुन्हा घ्यावा लागेल, असे तुला सांगण्यात आले. ही शिकवण थेट बाप्टिस्टांची आहे. बाप्टिस्ट मंडळीत गेली असतीस तर पहिल्याच दिवशी तुला तिची कल्पना असती. पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) कोण नेमते, त्यांना कोण जाब विचारते, वर्गणीचा हिशेब कोण तपासते, हेही विचारून घे. मेथॉडिस्टांत पाळकांची बदली बिशप करतात, आणि आवडते पाळक गेले की आजी महिनाभर कुरकुरते. पण कुरकुर कोणाकडे करायची हे तिला ठाऊक असते. भारतात तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यालाही लग्न लावणारा कोण, याच्याशी कर्तव्य असते. बिशपांकडून दीक्षा न मिळालेल्या स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला त्यासाठी सरकारी परवाना लागतो.

पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचे मात्र माझ्या मनाला पटत नाही. तुझी नोंद आपल्या देवळातल्या कापडी बांधणीच्या लांबट रजिस्टरात आहे. त्याची जुनी पाने मराठीत आहेत, मधली काही इंग्रजीत, काही कानडीत; पाळक बदलले की लिपी बदलते, आणि सीमाभागात राहणाऱ्या कोणाला त्याचे काही वाटत नाही. तुझ्या ओळीत नाव, जन्मतारीख, आईवडील, साक्षीदार आणि पाळकांची सही एवढेच आहे. बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला आहे, मेथॉडिस्टांच्या नावाने नव्हे, हे तुझ्या कॉलेजजवळच्या मंडळीच्या पाळकांना नम्रपणे सांग आणि त्यावर त्यांचे म्हणणे काय ते नीट ऐकून घे. निर्णय तुझा राहील. दाखल्याची प्रत हवी असेल तर आजीला सांगतो. रविवारची उपासना झाली की ती स्वतः पाळकांना भेटून घेऊन येईल.

तुझे,
बाबा