वाचकांचे प्रश्न : सोन्याची खाण, गोट्यांचे ढीग आणि सामनचा ओढा

प्रश्न : अलास्कात होप गावाजवळचा रेझरेक्शन क्रीक पाहिला. एका भागात काठाला नुसते गोट्यांचे ढीग, दुसऱ्या भागात ओढा मस्त वळणं घेत चाललेला. खाणकाम थांबून इतकी वर्षं झाली, मग बाकीचा ओढा आपला आपण का नाही सुधारला? (ठाणे)

उत्तर : १८९०च्या दशकात इथे सोन्यासाठी झुंबड उडाली. पुढे मोठ्या नळकांड्यांतून पाण्याचा जोरदार फवारा मारून काठच्या काठ धुऊन काढले गेले. माती-रेती वाहून गेली, जड गोटे मागे राहिले आणि त्यांचे ढीग काठाला लागले. ओढा या दोन भिंतींमध्ये गटारासारखा सरळ अडकला. पुराचं पाणी बाहेर पसरत नाही, म्हणून वेग वाढतो आणि समुद्रातून ओढ्यात येणाऱ्या सामन माशाला अंडी घालायला लागणारी खडी वाहून जाते. ढिगावर माती नाही म्हणून झाड रुजत नाही. झाड नाही म्हणून ते पात्रात पडत नाही, आणि पात्रात आडवं पडलेलं झाड नसेल तर डोहही फारसे तयार होत नाहीत. एवढे ढीग हलवायची ताकद त्या ओढ्यात नाही. २००५-०६मध्ये अमेरिकी वनखात्याने सुमारे मैलभर पट्ट्यातले ढीग उतरवून पात्र नव्याने आखलं. तुम्ही पाहिलेली वळणं बहुधा त्यातलीच.

प्रश्न : आमचा स्वयंसेवी गट ड्रेजने (सोन्यासाठी तळ उकरणाऱ्या तरंगत्या यंत्राने) उकरलेल्या ओढ्यावर काम करणार आहे. कामाचा क्रम काय असावा आणि चुका कुठे होतात? (सिॲटल)

उत्तर : आधी ड्रेज कसा चालतो ते डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या यांकी फोर्क नदीवर १९४० ते १९५२ या काळात असा ड्रेज चालला. मधे युद्धामुळे खंड पडला. रहाटगाडग्यासारखी बादल्यांची माळ तळ खरवडायची. आत चाळणी झाली की बारीक माल मागच्या बाजूला लगेच पडायचा आणि गोटे सरकत्या पट्ट्यावरून त्याच्या डोक्यावर. म्हणजे थर उलटे झाले : बारीक खाली, जाड वर. वरून बघून 'इथे नुसते दगड आहेत' असं ठरवू नका. जेसीबीने तीन-चार मीटर खोल चाचणी खड्डे घ्या आणि माल चाळून बघा. लागणारी खडी बऱ्याचदा तिथेच सापडते, विकत आणावी लागत नाही.

मग ढिगांची उंची. दीड-दोन वर्षांतून एकदा येणारा पूर काठावरून बाहेर पसरेल, इतके ते उतरवायचे. पैसे इथेच जास्त लागतात आणि हात आखडला जातो तोही इथेच. ढीग अर्धवट उतरवून नुसती वळणं कोरली, तर दोन-चार पुरांत ओढा पुन्हा सरळ होतो. निघालेले गोटे ड्रेजच्या जुन्या तळ्यांत भरता येतात, पण सगळी तळी बुजवू नका. ओढ्याला जोडलेलं शांत तळं म्हणजे कोहोच्या (सामनच्या एका जातीच्या) पिल्लांचं हिवाळ्यातलं घर.

अंडी घालायच्या उथळ जागी साधारण १३ ते १०० मिलिमीटरची खडी हवी. ०.८५ मिलिमीटरपेक्षा बारीक माल दहा-बारा टक्क्यांवर गेला, तर फटी बुजतात आणि अंड्यांना प्राणवायू मिळत नाही.

सगळ्यात लाजिरवाणी चूक म्हणजे नव्या पात्रात पाणी सोडावं आणि ते गोट्यांतून गुडुप व्हावं! यासाठी नवा तळ रचताना प्रत्येक थरावर वाळू-मातीचं मिश्रण पसरून नळीने पाणी मारा. मिश्रण फटींत उतरतं. पाणी जिरायचं थांबून वर साचू लागलं, की पुढचा थर.

ओंडके मुळासकट हवेत, तोडलेले खांब नकोत. लांबी पात्राच्या रुंदीच्या दीडपट तरी असावी. मुळांचा गड्डा पाण्यात, प्रवाहाच्या उगमाकडे तोंड करून, आणि खोडाचा बराचसा भाग काठात गाडलेला. विलोच्या (काठावर वाढणाऱ्या वाळुंजासारख्या झाडाच्या) फांद्या सुप्तावस्थेत कापून त्यांचा दोन तृतीयांश भाग जमिनीत जाईल अशा लावा; बुडखा भूजलापर्यंत पोचला नाही तर वाळतात.

पिल्लं खडीतून बाहेर पडून गेल्यावर आणि मोठे मासे वर यायच्या आत, एवढाच अवधी पात्रातल्या कामाला मिळतो. नेमक्या तारखा परवान्यात असतात. पाणी वळवताना जाळ्या लावून मासे हलवा. पहिलं गढूळ पाणी पंपाने पूरमैदानावर टाका. ते निवळलं की आधी एक तृतीयांश प्रवाह सोडा, मग दोन तृतीयांश, मग सगळा.

प्रश्न : पाऱ्याची भीती किती? (पुणे)

उत्तर : सोनं पकडायला पारा वापरला असेल, तर तो बारीक गाळात असतो. खणण्याआधी तोच गाळ तपासा. असा गाळ साचलेल्या तळ्यात राहिला, तर जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो माशांत साठतो.

खाणीतून आम्लयुक्त पाणी झिरपत असेल, तर मात्र आधी पाणी आणि नंतर पात्र. तांबं लिटरमागे दोन-तीन मायक्रोग्रॅमने वाढलं तरी कोहोच्या पिल्लांचं घ्राणेंद्रिय बोथट होतं. आयडाहोच्या पँथर क्रीकमधून ब्लॅकबर्ड खाणीच्या तांब्या-कोबाल्टमुळे चिनूक (हीही सामनचीच एक जात) नाहीसा झाला होता. पाण्यावर प्रक्रिया सुरू झाल्यानंतरच तो परतला.

प्रश्न : आमच्या डिचोलीत असं करता येईल का? (गोवा)

उत्तर : तुमचं दुखणं नेमकं उलटं आहे. अमेरिकेतल्या त्या ओढ्यांत बारीक माल निघून गेला, तुमच्याकडे डंपवरून (खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून) तो नदीत आणि शेतात येतो. तेव्हा पात्रात हात घालण्याआधी डंप आवरा : उतार पायऱ्यांचे करा, पायथ्याला चिऱ्याची भिंत आणि निवळण तळं बांधा, मृगाच्या आधी गवत लावा. पात्रातला गाळ त्यानंतर.

प्रश्न : बाजारातला 'इंडियन सामन' हाच का? (दादर)

उत्तर : नाही. तो रावस, वेगळ्याच कुळातला. अंडी घालायला डोंगरातल्या ओढ्यात जात नाही.

प्रश्न : काम जमलं हे कधी कळतं? (सिॲटल)

उत्तर : पिंक सामनचं चक्र पक्कं दोन वर्षांचं असतं. सम आणि विषम वर्षांचे कळप वेगळे, म्हणून सम वर्षाची मोजणी सम वर्षाशीच ताडा. चिनूकला चार ते सहा वर्षं द्या. मासे मोजाच, पण अंड्यांचे खळगे आणि वसंतात निघणारी पिल्लंही मोजा. समुद्रातला बरा-वाईट हंगाम परतणाऱ्या माशांचा आकडा फिरवतो. आणि पहिल्या पुरात दोन-चार ओंडके सरकले तर घाबरू नका. ते कुठे अडकले ते नकाशावर मांडा, पुढचे ओंडके तिथेच ठेवा.