शिकलेली असून मी कशी फसले?

अलीकडे समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. नुकसान एकवेळ भरून निघतं, पण लाज झोपू देत नाही.

हिशेब विभागातल्या एका बाईंचं उदाहरण देते (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). 'आयटी विभागातून बोलतोय, तुमच्या खात्यात कुणीतरी शिरतंय, मोबाइलवर आलेला कोड लगेच सांगा,' असा फोन आला. त्यांनी कोड सांगितला आणि त्याच कोडवर चोर त्यांच्या ईमेलमध्ये शिरला.

सुरुवातीला त्या स्वतःला फक्त दोष देत होत्या. मी त्यांना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमचा 1963 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. प्रयोग घेणारा शांतपणे 'पुढे चला' म्हणत राहिला, म्हणून 40 पैकी 26 जणांनी दुसऱ्या खोलीतल्या माणसाला विजेचा झटका देणारं 450 व्होल्टचं शेवटचं बटणही दाबलं. झटके खोटे होते, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. अधिकाराच्या आवाजापुढे भलीभली माणसं अशी वाकतात.

मग एका भेटीत मी विचारलं, "कोड सांगण्याआधी काय झालं?"

"काहीच नाही... हाताला घाम आला होता. साहेबांना विचारते, असंही म्हणाले. तो म्हणाला, वेळ नाही, फोन ठेवू नका."

"मग ठेवला का नाहीत?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "उद्धटपणा वाटला."

म्हणजे त्यांनी धोका ओळखला होता! हे त्यांच्याच तोंडून आलं याचं मला आजही समाधान आहे. भावनेला मी नेहमीच माहिती मानत आले आहे. मेसेजमधल्या चुका शोधून आता भागत नाही, मजकूर बिनचूक असतो आणि स्क्रीनवर दिसणारा नंबरही खोटा असू शकतो. पण फसवणाऱ्याला तुमची घाई आणि घबराट लागतेच, आणि तुम्ही कुणाला विचारलेलं त्याला परवडत नाही. छातीत धडधडतंय आणि कुणीतरी फोन ठेवू देत नाहीये, एवढी खूण पुरेशी आहे.

पुढे आम्ही फक्त सराव केला. मी फोन करणारा झाले आणि त्या एकच वाक्य म्हणायच्या: "मी ठेवते, ऑफिसच्या नंबरवर फोन करून खात्री करते." नंबर आपल्याकडचा, त्याने दिलेला नव्हे. खरा कर्मचारी यावर चिडत नाही आणि कोड तर मागतच नाही.

तुमच्याकडून कोड गेलाच असेल, तर लाज आवरेपर्यंत थांबू नका. पासवर्ड बदला, इतर सगळी उपकरणं लॉगआउट करा, आणि ऑफिसला किंवा बँकेला त्याच तासात कळवा.