लॉजचं वायफाय जोडलेलं दिसतं, पण लॉगिनचं पान येत नाही. फोन खराब झालाय का?

नाही. 'फोन खराब' हा निकाल ऐकला की माझं डोकं तापतं, म्हणूनच लिहायला बसलोय.

निपाणीला चुलतभावाचं लग्न होतं, आम्ही लॉजवर उतरलो होतो. भाचीच्या कॉलेज प्रवेशाचा अर्ज भरायची शेवटची संध्याकाळ. मोबाइल डेटा रडत होता, लॉजचं वायफाय जोडलं तर काही उघडेना. दाजी म्हणाले, "कांड्या फुल्ल हाईत की! फोनच गंडलाय, रिसेट मार." पोरीचे सगळे दाखले त्याच फोनमध्ये! मी फोन काढूनच घेतला.

कांड्या म्हणजे राउटरपर्यंतची रेंज, बस्स. पुढे नेट आहे का, हे फोन वेगळं तपासतो. अँड्रॉइड गूगलच्या ठरलेल्या पत्त्यावर साध्या एचटीटीपीने (म्हणजे सांकेतिक कुलूप न लावता) विचारणा करतो. २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर आलं तर नेट आहे. मधेच लॉजच्या यंत्रणेने स्वतःचं पान पुढे केलं, तर लॉगिन हवंय हे फोनला कळतं. आयफोन ॲपलच्या पानावर 'सक्सेस' शोधतो, विंडोज मायक्रोसॉफ्टची छोटीशी टेक्स्ट फाइल मागतो.

भाचीच्या फोनमध्ये खाजगी डीएनएस निघाला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी, आपण वेगळी निवडलेली सेवा. जाहिराती अडवायला लावलेला. लावला कुणी? दाजींनीच, घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये! लॉगिनआधी लॉज बाहेर काही सोडत नाही, मग फोन तो डीएनएस गाठणार कसा? बंद केला, वायफाय पुन्हा जोडलं, पान आलं, ओटीपी टाकला, अर्ज गेला. दाजी मात्र अजून म्हणतात, "आपोआप चालू झालं." आपोआप काही झालं नाही.

तुम्हीही खाजगी डीएनएस आणि व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) बंद करा, मोबाइल डेटाही जरा वेळ बंद ठेवा. ओटीपीचा एसएमएस त्याशिवायही येतो. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) टाका, ही साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे, म्हणून लॉजला ती लॉगिनकडे वळवता येते. एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपवाली साइट उघडू नका, तिला लॉगिनकडे वळवायला गेलं की प्रमाणपत्राची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) चेतावणी येते. ती ओलांडून कधीच पुढे जाऊ नका, बँकेच्या साइटवर तर मुळीच नाही.

हां, लॉजची लाइनच बंद असेल तर यातलं काही चालणार नाही, मॅनेजरलाच गाठा. आणि काम झाल्यावर डीएनएस परत चालू करायला हरकत नाही. जाहिराती अडवण्याला माझा विरोध नाही, पण दुसऱ्याच्या फोनमध्ये काही लावलं तर त्याला सांगून लावा.