रिपोर्ट चांगले आहेत, तरी ते जेवायला आमच्यात बसत नाहीत

ताई, यजमानांचं जिभेचं ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन तीन महिने झालेत, रिपोर्ट चांगले आलेत, तरी ते सगळ्यांबरोबर जेवत नाहीत, फोन उचलत नाहीत. हे असंच राहणार का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः घशाच्या कॅन्सरमधून गेलोय, म्हणून सांगतो, तीन महिन्यांवरून काहीच ठरवू नका. चव बहुतेकांना काही महिन्यांत, कधी वर्षभराने, बरीचशी परत येते. लाळ त्याहून सावकाश सुधारते, कधी दोन वर्षंही लागतात, आणि पूर्वीइतकी होईलच असं नाही. पाण्याची बाटली कायम जवळ लागते.

गिळणं आणि तोंड उघडणं मात्र नुसतं वाट बघून सुधारत नाही. रेडिएशनने घशाचे आणि जबड्याचे स्नायू आखडत जातात, उपचार संपल्यावरही. आजच बघा, समोरच्या दातांमध्ये त्यांची तीन बोटं एकावर एक मावतात का. साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर फिजिओथेरपी लगेच सुरू करा. आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये धरून हळूहळू एकेक काडी वाढवतात, पण आधी सर्जनना विचारा, विशेषतः जबड्याचं हाड कापलं असेल तर.

गिळण्यासाठी स्पीच थेरपिस्ट गाठाच. बोलण्याइतकंच गिळण्याचं कामही त्यांचंच असतं. पाणी पिताना ठसका, जेवणानंतर ओलसर घरघरता आवाज, वरचेवर ताप, यातलं काही असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. काहींना तेव्हा ठसकाही लागत नाही, म्हणून तपासणी हवी.

आता जेवणाचं. एक घास कितीतरी वेळ घोळवायचा, मध्येच घोट घ्यायचा, गालात अडकलेला कण बोटाने काढायचा, हे चारचौघांत नको वाटतं. त्यांना थोडं आधी वाढा, म्हणजे बाकीचे बसतील तेव्हा त्यांचं जेवण संपत आलेलं असेल. तोंडात घास असताना त्यांना प्रश्न विचारू नका. फोनऐवजी आधी व्हिडिओ कॉल करून बघा, ओठ दिसले की समोरच्याला शब्द कळतात.

उदासी मनाचीच असेल असंही धरून चालू नका. मानेला रेडिएशन मिळालं असेल तर थायरॉइड मंदावू शकतं, आणि त्यानेही माणूस उदास होतो. त्यासाठी टीएसएच ही रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करतात. थायरॉइड ठीक असेल आणि तरी ते गप्पच राहिले, तर समुपदेशकाकडे न्यायला संकोच करू नका.

दातांचं मात्र अगदी कळकळीने सांगतो. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका. तिथला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही, हाड मरू शकतं. दंतवैद्यांकडून रोजचं फ्लोराइड लिहून घ्या.

आणि मानेत नवी गाठ, दोन-तीन आठवडे न भरणारं तोंडातलं व्रण, एकाच कानात सतत दुखणं किंवा सारखं उतरणारं वजन दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.