पोल उभा राहत नाही, मुलगी मागे पडते

प्रश्न : शाळेतल्या एका मुलीला पोल व्हॉल्ट (लांब लवचीक काठीच्या, म्हणजे पोलच्या आधाराने उंच उडी) शिकवतोय. वेग चांगला आहे, पण पोल पूर्ण उभा राहण्याआधीच ती धावपट्टीकडे परत येते. अधिक कडक पोल द्यावा का? (क्रीडाशिक्षक, फोंडा)

उत्तर : नको, त्याने अडचण वाढेल. आधी बाजूने, धावपट्टीला काटकोनात मोबाईल ठेवून स्लो-मोशन चित्रण करा. उडीच्या क्षणी वरच्या हाताची मूठ आणि डाव्या पायाचा चवडा एका उभ्या रेषेत हवेत (डावखुरी असेल तर उजव्या पायाचा). पाय 15-20 सेंमी पुढे पडत असेल तर दोष तिथेच आहे. पोल तिला मागे खेचतो, खांद्याला झटका बसतो आणि धावण्यातून कमावलेली ऊर्जा वाया जाते. ही ऊर्जा किती मोलाची! सेकंदाला 8 मीटर वेग पूर्ण उंचीत बदलला तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे 3.3 मीटर वर जातो, 9 मीटर वेगाला 4.1.

पाय पुढे पडतो तो बहुधा शेवटचं पाऊल ताणल्यामुळे. ते आधीच्यापेक्षा किंचित आखूड हवं. हात उशिरा वर जात असतील तर तीन पावलं आधीपासून उचलायला लावा.

तोवर पकड 15 सेंमी खाली घ्या. पकड उतरली की पोल सहज उभा राहतो. मात्र तिच्या वजनापेक्षा कमी क्षमतेचा पोल कधीच देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत मूठ घसरते, म्हणून प्रत्येक उडीआधी पोल कोरडा पुसा. धावपट्टी ओली असेल तर उड्या बंदच ठेवा.