लिस्बनला घर घेण्याआधी

जुळे सोलापूरचा बाबांचा प्लॉट विकायचा, त्या पैशात लिस्बनमध्ये घर घ्यायचं, घराबरोबर व्हिसा मिळेल आणि पगारावरचा कर सरसकट २० टक्केच लागेल, असा हिशेब एजंटानं तुला मांडून दिला. तू मला विचारलंस, "ताई, तू २०१७ पासून तिथं आहेस, हे खरं आहे का?"

आधी सरळ उत्तर देते. घर घेऊन व्हिसा मिळायची सोय ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. त्याला गोल्डन व्हिसा म्हणायचे. २०१२ साली तो सुरू झाला तेव्हा किमान ५ लाख युरोचं घर घ्यावं लागायचं, पुढे जुन्या इमारतीची दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ही अट साडेतीन लाखांवर आली. आता गुंतवणूक निधीसारखे मार्ग उरलेत, घराचा नाही. २० टक्के कराची जुनी योजना २०२४ पासून नव्या लोकांना बंद आहे. तिच्या जागी आलेली योजना संशोधन आणि काही ठरावीक उच्चशिक्षित नोकऱ्यांपुरती आहे. तुझी नोकरी त्यात बसते का, हे इथल्या कर सल्लागाराकडून लेखी घे. एजंटाच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नकोस.

पण या सवलती का आल्या आणि का गेल्या, हे कळल्याशिवाय तू इथं घर शोधू नयेस असं मला मनापासून वाटतं.

२०११ मध्ये पोर्तुगालची तिजोरी रिकामी झाली होती. युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडून ७८ अब्ज युरोचं कर्ज घ्यावं लागलं. बांधकाम थंडावलं, तरुण पोरं देश सोडून गेली, मध्य लिस्बनमधल्या इमारती पडायला आल्या. बाहेरचा पैसा आणायला सरकारनं एकामागून एक दारं उघडली. परदेशी माणसाला दहा वर्षं कमी कराची, म्हणजे तीच २० टक्क्यांची योजना २००९ पासून होतीच. त्यात २०१२ ला गोल्डन व्हिसा आला आणि त्याच वर्षी भाड्याचा कायदा सैल झाला. आपल्या पेठांतल्या वाड्यांत जुने भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या जुन्या भाड्यावर राहायचे ना, तसंच लिस्बनमध्येही होतं. इथं १९४८ पासून भाडी गोठवलेली होती. ती मोकळी झाली आणि म्हाताऱ्या भाडेकरूंना नोटिसा जायला लागल्या. २०१४ मध्ये पर्यटकांना घर भाड्यानं देणं सोपं झालं. त्यावरचा कर बघ. पर्यटकांच्या भाड्यापैकी सुरुवातीला फक्त १५ टक्के रक्कम करपात्र धरायचे, २०१७ पासून ३५ टक्के. तेच घर एखाद्या स्थानिक कुटुंबाला वर्षाच्या कराराने दिलं तर तेव्हा भाड्यावर २८ टक्के कर होता. मग घरमालक कुणाला घर देईल?

आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्यानं मोटर लावली की शेवटच्या घरातल्या बाईच्या घागरीत धारसुद्धा पडत नाही. माझी आई असा हंडा धरून बसलेली मी पाहिलीय. लिस्बनमध्ये परदेशी पैसा ही तशी मोटर आहे, आणि करसवलत म्हणजे त्या मोटरला सरकारनं दिलेली फुकटची वीज. देशभरात परदेशी खरेदीदारांचा वाटा कमीच आहे. पण ते सगळे लिस्बन, पोर्टो आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या त्याच त्या गल्ल्यांत घर शोधतात, त्यामुळे दाब तिथंच ओढला जातो.

ती २० टक्के कराची सवलत मलाही होती. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक पोर्तुगीज मुलगा होता. काम तेच, पगार जवळजवळ तेवढाच. माझा कर सरसकट २० टक्के. त्याला नेहमीचे टप्प्याटप्प्याचे दर लागायचे, त्यात वरचा टप्पा ४८ टक्क्यांपर्यंत जातो. दर महिन्याला माझ्या हातात त्याच्यापेक्षा जास्त पैसे यायचे. आम्ही दोघं एकाच भागात खोली बघत होतो. घर मला मिळालं, कारण मी जास्त भाडं देऊ शकत होते. तो तेहतीस वर्षांचा होईपर्यंत आईवडिलांकडंच राहिला. लग्न पुढं ढकललं. मी काही बेकायदा केलं नव्हतं, पण तो जेवणाच्या सुट्टीत शांतपणे हे सांगायचा तेव्हा माझा घास अडकायचा.

माझ्या खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करून निवृत्त झालेल्या आजी होत्या. इमारत विकली गेली, त्यांचा करार नव्या मालकानं वाढवला नाही, आणि त्या नदीपलीकडं लेकीकडं बारेइरोला गेल्या. त्यांच्या दाराला पर्यटकांसाठी चावीची छोटी पेटी लागली. दर दोन-तीन दिवसांनी नव्या बॅगा जिन्यावरून खडखडत वर यायच्या.

बाहेरच्या देशांनाही हे खटकलं. फिनलंड आणि स्वीडनचे पेन्शनर याच योजनेखाली इथं येऊन राहायचे, आणि त्यांच्या पेन्शनवर ना तिकडं कर लागायचा, ना इकडं. फिनलंडचा पोर्तुगालशी असलेला कर-करार २०१९ पासून संपला, स्वीडनचा २०२२ पासून. पोर्तुगालनं २०२० मध्ये पेन्शनवर १० टक्के कर लावला, पण तो फक्त नव्यानं येणाऱ्यांना.

आता तू म्हणशील, सवलती गेल्या, म्हणजे घरं स्वस्त झाली असतील. नाही रे. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत घरांच्या किमती वर्षभरात १७ टक्क्यांहून जास्त वाढल्या. मोटर काढली तरी धरणातून पाणीच कमी सुटत असेल तर नळ कोरडाच राहणार. संकटाच्या काळात जी घरं बांधली गेली नाहीत, ती अजून भरून निघालेली नाहीत. सरकारी घरं एकूण घरांच्या जेमतेम २ टक्के. दुसरीकडं २०२१ च्या जनगणनेत ७ लाखांहून जास्त घरं रिकामी सापडली. बरीचशी गावाकडं, पडकी किंवा वारसांच्या भांडणात अडकलेली, पण शहरातही आहेत. घर रिकामं ठेवणं इथं महाग पडत नाही. शहरी घरावरचा वार्षिक कर सरकारी मूल्याच्या ०.३ ते ०.४५ टक्के असतो आणि ते मूल्य बाजारभावापेक्षा बरंच कमी धरतात. सरकारनं २०२४ मध्ये पस्तीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना पहिल्या घरावरचा खरेदी कर ठरावीक किमतीपर्यंत माफ केला, पुढं त्यांच्या कर्जासाठी बँकेला हमीही दिली. हेतू चांगला, पण घरं तेवढीच आणि घेणाऱ्यांच्या खिशात जास्त पैसे, म्हणून भाव आणखी चढले असं मला वाटतं. त्याऐवजी सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर उभं राहिलं तसं काही इथं हवं होतं. विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी ३० हजार घरांची योजना, त्यातली पहिली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. पाणी, रस्ते, तक्रारी सगळं असेल, पण घरं तर बांधली!

तुझ्यासाठी रिमोट कामाचा व्हिसा उरतो. त्याला महिन्याचं उत्पन्न इथल्या किमान वेतनाच्या चौपट लागतं. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे ३,४८० युरो लागायचे. कायद्यानंच ठरवलंय की तू किमान वेतनावर जगणाऱ्या शेजाऱ्याच्या चौपट कमावणारा म्हणून येणार. हे लक्षात ठेवून घर शोध.

पहिलं वर्ष विकत काही घेऊ नकोस. मध्य लिस्बनचा हट्ट धरू नकोस, आसपासची अमादोरा, ओदिवेलास, अल्मादा ही गावं बघ. जाहिरातीतलं "टी-टू" म्हणजे दोन बेडरूम. करार कर खात्यात नोंदवणाराच मालक निवड, भले भाडं थोडं जास्त पडो. बिननोंदणीच्या घरात मी सात महिने राहिले, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून सगळी कागदपत्रं अडकली. मालकानं सांगितलेलं भाडं जास्त वाटलं तर घासाघीस जरूर कर, आपण जास्त देऊ शकतो म्हणून लगेच हो म्हणू नकोस. नंतर घ्यायचंच ठरलं, तर स्वतः राहायच्या घराला बँक ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, त्यामुळं सगळी रक्कम आज आणायची गरजच नाही.

राहिला प्लॉट. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन विकताना महागाईचा हिशेब धरून २० टक्के किंवा न धरता १२.५ टक्के, हा पर्याय फक्त भारतात निवासी असणाऱ्यालाच आहे. एनआरआय झालास की तो जातो आणि घेणारा विक्रीच्या रकमेवर टीडीएस कापतो. म्हणून विकायचाच असेल तर निघण्याआधी, ज्या आर्थिक वर्षात तू भारतात निवासी धरला जाशील त्यातच विक, पण पैसे वर्षभर तिकडंच ठेव. निवासी असताना बाहेर पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर साधारणपणे २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. तो नंतर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

सीएकडं जाताना बाबांच्या खरेदीखताची प्रत आणि २००१ सालचं मूल्यांकन घेऊन जा. तो काय म्हणाला ते कळव. रविवारी तुमच्याकडं संध्याकाळचे पाच वाजले की मी मोकळी असते, फोन कर.