गरम पीस, थंड पीस आणि मुलाखतीची तयारी

या महिन्यातल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: मुलाखतीच्या तयारीसाठी चॅटजीपीटी, जेमिनाय अशी एआयची साधनं वापरावीत का, आणि वापरायची तर कशी. त्यातली तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण लिहिणाऱ्याच्याही लक्षात न आलेली एक गोष्ट त्यात दडली आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आहे. कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये वर्षभर अप्रेंटिस होतो, क्वालिटीला. आता चाकण-भोसरीकडे क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी चार मुलाखती दिल्या. चारही ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले, कुणी कळवलं नाही. प्रत्येक वेळी चॅटजीपीटीकडून पन्नास प्रश्न आणि त्यांची उत्तरं काढून इंग्रजीत पाठ केली होती. बायोडाटाही त्यानेच करून दिला. शेवटच्या मुलाखतीत ‘रिजेक्शन ३५ टक्क्यांनी कमी केलं’ या ओळीवर अडकलो. ती ओळ मी सांगितली नव्हती, त्याने घातली. वाचायला बरी वाटली म्हणून राहू दिली. मी तर नुसतं इन्स्पेक्शन करायचो. एकदा पीसचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजला की ओके यायचा आणि तासाभराने त्याच पीसमध्ये गो गेज (भोक किमान मापाचं आहे ना ते बघायचा दांडा) जायचा नाही, ते सुपरवायझरना दाखवलं होतं. पण ते काही मोठं काम नव्हे. याहून चांगलं ॲप कुठलं ते सांगावं.
– एक डिप्लोमाधारक, सांगली जिल्हा

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि शेवटाकडच्या त्या वाक्यापाशी थांबले. ‘पण ते काही मोठं काम नव्हे.’ अरे, चार मुलाखतींत तू जे सांगायला हवं होतंस ते हेच.

मी सत्तावीस वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली, आधी भोसरीत, मग चाकणला. मुलाखतीच्या टेबलावर माझ्या शेजारी नेहमी क्वालिटीचे किंवा प्रॉडक्शनचे मॅनेजर बसलेले असायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत आम्हा सगळ्यांनाच एक बदल जाणवला. एका दुपारी पाठोपाठ आलेल्या तीन मुलांनी ‘तुमचा कमकुवतपणा कोणता?’ याला एकच उत्तर दिलं: ‘आय ॲम अ परफेक्शनिस्ट.’ तिघांची गावं वेगळी, कॉलेजं वेगळी, वाक्य मात्र स्वल्पविरामासकट तेच. तिसऱ्या मुलाचं बोलणं संपेपर्यंत शेजारच्या मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं होतं. मुलगा चांगला असेलही, पण आम्हाला तो दिसलाच नाही. मला त्या मुलांचं फार वाईट वाटलं, कारण रात्र रात्र जागून त्यांनी जे पाठ केलं होतं, त्यानेच त्यांना झाकून टाकलं.

तुझ्या ३५ टक्क्यांचंही तेच झालं. क्वालिटीच्या माणसाला आकडा दिसला की तो विचारणारच: कशाच्या ३५ टक्के? महिन्याला पीस किती? आधी किती जायचे, नंतर किती? रजिस्टर कोण भरायचं? तू लबाडी करायला निघाला नव्हतास हे मला कळतं. पण समोरच्याला ते कळायला वाव नसतो. बायोडाट्यावर खाली सही तुझी आहे. ही साधनं आपल्याकडची माहिती अपुरी पडली की रिकामी जागा शोभेल अशा मजकुराने भरतात, आणि बायोडाट्यात शोभतात ते आकडे. तेव्हा ती ओळ आजच काढून टाक. त्यानेच घातलेल्या दुसऱ्या काही ओळी असतील तर त्याही शोधून काढ.

आता तुझ्या बोअरकडे वळू. साइज तू लिहिलेली नाहीस, म्हणून समजा तो २५ मिमीचा, एच७ फिटचा होता. म्हणजे २५.००० ते २५.०२१, एकूण टॉलरन्स (चालणारा फरक) २१ मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग. पीस पोलादाचा आणि कटिंगमुळे शॉपच्या तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त गरम असेल, तर तो बोअर साधारण ६ मायक्रॉनने मोठा मोजला जातो. गरम असताना २५.००३ दिसलेला बोअर थंड झाल्यावर २४.९९७ होणार. मग गो गेज जाईल कसा? टॉलरन्सचा चौथा हिस्सा नुसत्या उष्णतेत गेला. लांबी-रुंदीच्या मोजमापासाठी २० अंश सेल्सियस हे प्रमाण तापमान धरतात, ते याचसाठी. हा हिशेब तुझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात आहे, आणि ती गोष्ट तू पुस्तकाबाहेर, शॉप फ्लोअरवर, स्वतःच्या डोळ्यांनी पकडलीस. अप्रेंटिस असताना! मी पॅनेलवर असते तर तुला पुढची दहा मिनिटं याच विषयावर बोलतं केलं असतं.

तू ॲप कुठलं ते विचारतोस. आहे तेच ठेव, फक्त कामं उलटी वाट. आजवर प्रश्नही त्यानेच दिले आणि उत्तरंही त्यानेच. आता त्याने विचारायचं आणि तू सांगायचंस. सुरुवातीला त्याला मराठीतच लिहून दे, त्याला मराठी समजतं. साधारण असं:

‘तू चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी मॅनेजर आहेस. मी डिप्लोमा मेकॅनिकल, एक वर्ष अप्रेंटिस, क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आलो आहे. एका वेळी एकच प्रश्न विचार. मी सांगेन त्यावर खोदून पुढचा प्रश्न विचार. माझी स्तुती करू नकोस. माझं उत्तर स्वतः लिहून देऊ नकोस. मी न सांगितलेला एकही आकडा धरून चालू नकोस.’

यातलं शेवटचं वाक्य विसरू नकोस. स्तुतीचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं आहे, कारण ही साधनं मुळात फार गोड बोलतात. मी स्वतः एकदा मुद्दाम अर्धवट उत्तर देऊन पाहिलं, तर ‘उत्कृष्ट उत्तर!’ म्हणून शाबासकी मिळाली. अशा शाबासकीवर विसंबून कुणी पॅनेलसमोर बसू नये.

मग त्याला बोअरची हकिगत सांग आणि त्याचे प्रश्न येऊ देत. पीस उतरल्यावर किती वेळाने मोजायचे? कशाने, आकडा दाखवणाऱ्या बोअर गेजने की भोकात घालून बघायच्या प्लग गेजने? गेज कुठे ठेवलेला असायचा? तुला पहिला संशय कधी आला? गेजच खराब झाला असेल असं वाटलं नाही का? सुपरवायझर काय म्हणाले, आणि त्यानंतर मोजायची पद्धत बदलली का? एखाद्याचं उत्तर आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच लिही. जुनी डायरी किंवा तिथला मित्र असेल तर विचारून घे. दोन-तीन संध्याकाळी असं केलंस की त्या वर्षातल्या आणखी चार गोष्टी तुला आपोआप आठवतील. नुसतं इन्स्पेक्शन असं काही नसतं. कुणाशी वाद झाला होता, कुठला लॉट परत आला होता, सगळं आठव.

इंग्रजीचा बाऊ करू नकोस. आधी सगळं मराठीत सांगून घे, मग तेच त्याला साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत करायला सांग. जो शब्द तुझ्या तोंडात बसत नाही तो बदलून माग. मग पाठ न करता मोठ्याने सांग, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. स्वतःचा आवाज ऐकायला पहिल्यांदा नको वाटतं, पण आपण कुठे भरभर सुटतो आणि कुठे अडतो ते त्यातूनच कळतं. चाकणच्या बहुतेक पॅनेलांवर मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं मिसळून चालतं. ‘सर, थोडं मराठीत सांगू का?’ असं विचारणाऱ्या मुलाला आम्ही कधी त्यासाठी नापास केलं नाही.

दोन गोष्टींची काळजी घे. तांत्रिक उत्तर त्याने सांगितलं की पुस्तकाशी ताडून बघ, कारण ते चुकीचा आकडाही त्याच ठामपणे सांगतं. आणि जुन्या कंपनीचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव यातलं काहीही त्यात टाकायचं नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी आणली. ‘एक बोअर’ म्हटलंस तरी तुझा सराव तितकाच होतो.

पाचव्या मुलाखतीनंतर मला नक्की लिही. मी वाट पाहते आहे.

प्रश्न: माझं वय ४१. २०१६ पर्यंत नाशिकला एका फर्ममध्ये अकाउंट्स बघत होते, टॅलीवर. नंतर सासूबाईंचं आजारपण आणि मुलाची शाळा यात नऊ वर्षं गेली. आता पुन्हा नोकरी शोधते आहे. भाच्याने एआयवर मुलाखतीची तयारी करायला शिकवलं. ‘गॅप का पडला?’ याचं जे उत्तर एआयने लिहून दिलं, त्यात मी या काळात नेतृत्वगुण विकसित केले असं आहे. हे सांगू का? आणि जीएसटी मी कधी केलेलाच नाही, तोही त्यावरच शिकले तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ते नेतृत्वगुणांचं वाक्य नका सांगू. तुम्ही आजारी माणसाची सेवा केलीत, घर सांभाळलंत. त्याला दुसरं नाव द्यायची गरज नाही. ‘घरात आजारपण होतं, मी घरी राहिले. आता ती जबाबदारी उरलेली नाही, पूर्ण वेळ काम करू शकते.’ एवढं सांगून थांबा. पुढचं वाक्य कामाचं हवं. गॅपवर लांब बोललं की समोरचाही त्यावरच विचारत राहतो. या दोन वाक्यांचा सराव एआयपेक्षा बहिणीसमोर करा, कारण ती सांगताना तुमचा आवाज कसा होतो ते तिला कळेल.

जीएसटीचं मात्र गंभीरपणे घ्या. तुम्ही नोकरी सोडली २०१६ ला आणि जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ पासून. म्हणजे तुमच्या हाताला व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्सची सवय. तुमचा पाया पक्का आहे, पण वर बांधकाम नवीन आहे. एआयचा इथे चांगला उपयोग होतो: ‘मला व्हॅटमधलं सेट-ऑफ येतं, त्याच्याशी तुलना करून इनपुट टॅक्स क्रेडिट समजाव’ असं सांगितलंत तर ते तुमच्या ओळखीच्या जागेवरून पुढे नेतं. (दोन्हींत खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतो.) पण दर आणि तारखा त्याच्याकडून घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. आता मुख्य दर ५ आणि १८, आणि काही मोजक्या वस्तूंवर ४०. जुनी माहिती शिकलेलं साधन अजूनही ५, १२, १८, २८ असं सांगू शकतं, आणि मुलाखतीत तुम्ही २८ म्हणालात की तुमचा गॅप दोन वाक्यांत झाकला जाणार नाही. दर सरकारी पोर्टलवरूनच बघा.

शक्य असेल तर ओळखीच्या एखाद्या करसल्लागाराकडे महिनाभर बसा. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) अकरा तारखेला, २बी (खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटचा तक्ता) चौदाला तयार होतं, ३बी (कर भरायचं रिटर्न) वीसला. या दहा दिवसांची धावपळ एकदा जवळून पाहिलीत, खरेदीची बिलं २बीशी स्वतः जुळवलीत, पुरवठादाराने बिल दाखवलंच नाही म्हणून अडलेल्या क्रेडिटसाठी त्याला चार फोन केलेत, की मुलाखतीत सांगायला तुमच्याकडे २०१६ नंतरचंही काम असेल.

प्रश्न: माझी पहिली ऑनलाइन मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. मैत्रिणी म्हणतात, लॅपटॉपमागे फोनवर एआय चालू ठेव, तो प्रश्न ऐकून उत्तर दाखवतो. सगळेच करतात म्हणे. करू का?
– शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: नको गं. पकडली जाशील हे एक कारण आहेच. प्रश्न संपल्यावर दर वेळी तीन-चार सेकंदांची सारखीच शांतता, मग डोळे एका रेषेत डावीकडून उजवीकडे, आणि बोलणं अचानक छापील. समोर बसलेल्याला हे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. मग तो मुद्दाम मध्येच तोडून विचारतो, ‘हे तुम्ही कुठल्या प्रोजेक्टमध्ये केलंत?’ आणि फोनकडे त्याचं उत्तर नसतं. या प्रकारामुळे मोठ्या कंपन्याही पुन्हा समोरासमोर बोलावू लागल्या आहेत. किमान एक फेरी प्रत्यक्ष घ्यायची असं गूगलचे सुंदर पिचाई २०२५ मध्ये बोलले होते. तिथे फोन चालणार नाही.

पण न पकडता निभावलं असं धर. तुझ्या नावावर जी नोकरी लागेल तिच्यात पहिल्या सोमवारी तुला एकटीला बसायचं आहे. जे येत नाही ते येतं असं समजून तुला काम दिलं जाईल. त्या महिन्यात रडत फोन करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना तिथून परत मागे येता येत नाही.

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात एआय हवा तेवढा वापर. तुझाच प्रोजेक्ट रिपोर्ट त्याला दे आणि ‘यात कच्चं काय आहे?’ असं विचार. तो दहा दुखऱ्या जागा दाखवेल, त्यातल्या सहा खऱ्या असतील, आणि त्या सहांचीच तयारी तुला हवी आहे. मुलाखतीच्या दिवशी मात्र टेबलावर फक्त पाण्याचा ग्लास, कोरी वही आणि पेन ठेव. एखादा प्रश्न अवघड वाटला तर ‘सर, एक मिनिट कागदावर मांडून बघते’ असं सांग आणि खरंच मांड. वही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलीस तरी चालेल.